परत फिरलेलं गिऱ्हाईक

॥ श्री ॥
धुळे, ता. १० फेब्रुवारी १९४६

तीर्थरूप आबांच्या चरणी लताचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आधी बसून घ्या, मग पुढचं वाचा. माझं चित्र दिल्लीच्या प्रदर्शनात लागलं आहे! शाळेतल्या सुमनबाईंनी मला न सांगताच पाठवलं होतं. देशभरच्या नव्या चित्रकारांची चित्रं आहेत म्हणे, आणि त्यांत आपली निंभोऱ्याची केळीची बाग. कालपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. आनंदात भाजीत मीठ घालायचं राहिलं, म्हणून आत्याची बोलणीही खाल्ली.

चित्र तेच, निळ्या पानांचं. "केयीचं पान कधी निय्यं राह्यतं का व माय?" म्हणत आईने कपाळाला हात लावला होता आणि तुम्ही हसून तिचीच बाजू घेतली होती.

तुम्ही केळ्यांच्या मालाबरोबर दिल्लीला निघालाच आहात, तर पाहून या. तुमचंच म्हणणं आहे ना, की वाहवा करणाऱ्यावर जाऊ नये. पुढे गेलेलं गिऱ्हाईक परत फिरलं, तरच माल खरा. माझ्या चित्रालाही तोच कस लावा. एक जरी माणूस परत फिरला, तर मला मुंबईच्या कलाशाळेत पाठवा. नाही फिरला, तर आखाजीच्या सणाला भडगावच्या स्थळाला होकार द्या, मी ब्र काढणार नाही. मात्र लबाडी करायची नाही.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
लता

॥ श्री ॥
दिल्ली, ता. १९ फेब्रुवारी १९४६

चि. लता हिस जीवरामचे अनेक आशीर्वाद वि. वि.

मी खुशाल आहे. प्रदर्शन पाहिलं. केवढी ती इमारत! मी पायरीशी जोडे काढले, तर पहारेकऱ्याने परत घालायला लावले. आत एका बाईचे दोन्ही डोळे एकाच गालावर काढले आहेत आणि कोणी हसत नाही, म्हणून मीही तोंड गंभीर ठेवलं.

तुझं चित्र खिडकीपाशी आहे. खाली तुझं नाव, त्यात माझंही. छाती फुगली बघ. मुलगी माझी आहे म्हटल्यावर पहारेकऱ्याने आपलं स्टूल मला दिलं. त्यावर संध्याकाळपर्यंत बसलो. लोक थांबत होते, माना डोलावत होते, पुढे जात होते. परत कोणी फिरलं नाही. मलाही, खरं सांगायचं तर, ती निळी पानं उमगली नाहीत.

तू लबाडी नको म्हणालीस, म्हणून जसं घडलं तसं लिहिलं. घरी पोचलो की भडगावला होकार कळवीन. मन खट्टू करू नकोस, पोरी. मुलगा चांगला आहे.

तुझा,
आबा

॥ श्री ॥
दिल्ली स्टेशन, ता. २० फेब्रुवारी १९४६

चि. लता हिस आशीर्वाद.

गाडीला अवकाश आहे, म्हणून हे घाईने. कालचं पत्र आधी पोचेल. ते फाडून टाक.

आज पहाटे मालगाडीचा आपला डबा धक्क्याला लागला, तो उघडला. झुंजुमुंजू होतं. घडांवर घातलेली आपल्या बागेतली पानं बाहेर काढली, आणि लता, पानं निळी होती! मी हमालांना थांबवून बघत राहिलो. जन्मभर पहाटे बागेत गेलो, पण नजर सगळी घडांवर. पानांकडे बघायला सवड कोणाला होती? तू लहानपणी पाटाच्या कडेला बसून बघत होतीस आणि मला वाटायचं, पोरगी झोपेत आहे.

उजाडल्यावर माल अडत्याच्या हवाली केला आणि तडक प्रदर्शन गाठलं. दार उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. पहारेकरी हसला, म्हणाला, काल बघून झालं होतं ना? मी म्हटलं, झालं होतं, म्हणूनच परत आलो. चित्रापुढे उभा राहिलो आणि डोळे भरून आले. त्याने स्टूल आणलं, पण आज मला बसवेना.

अट तुझीच होती, एक जरी माणूस. भडगावच्या मंडळींना नकार मी स्वतः जाऊन सांगेन. तू मुंबईची तयारी कर.

पान निळं असतं हे तुझ्या आईला पटवायचं काम मात्र तुझं. ते माझ्याच्याने व्हायचं नाही.

तुझा,
आबा