डब्याच्या वेळचे बूट

दिल्ली छावणी, गुरुवार

ती. हौसाक्कास,
शेवंताचा नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत, काळजी करू नकोस. आईचा गुडघा कसा आहे?

बालवाडीत आयाचं काम मिळाल्याचं कळवलं होतंच. इथली पोरं इंग्रजीच बोलतात, म्हणून बाईंनी शब्द लिहून दिले. बुटाची नाडी म्हणजे लेस, पट्ट्याची कडी म्हणजे बकल, चेन म्हणजे झिप. भाकरी थापताना सगळे पाठ केले.

मंगळवारी मात्र चूक झाली. पोरांनी पायात बूट ठेवूनच डबे उघडले. आपल्यात असं कोण जेवतं? मी सगळ्यांचे बूट काढून दाराशी लावले. तीस जोड, सगळे काळे, सारखे. घंटा झाल्यावर घाईघाईनं घातले. यांच्या साहेबांची धाकटी दोन्ही डावे बूट घालून गेली आणि घरच्या जिन्यात पडली. ओठाला दोन टाके पडलेत. बकल मीच लावलं होतं गं.

यांना अजून सांगितलं नाही. यांच्या बढतीचे कागद त्याच साहेबांकडे आहेत. आईला वाचून दाखवताना एवढं गाळ.

सोमवारी साहेबांच्या मॅडमनी बंगल्यावर बोलावलंय. तिथे खोलीभर गालिचा आहे म्हणतात. अक्का, दाराशी चपला काढायच्या, की घालूनच आत जायचं? तुझं उत्तर येईपर्यंत सोमवार होऊन गेलेला असेल, तरी विचारते.

तुझी,
शेवंता