आठ दिवसांचा उसना अहवाल

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे बरे आहोत. ‘बरे’ या शब्दाची व्याप्ती पुढे स्पष्ट करीन. पत्र लिहितो, कारण फोनवर मला पळवाटा सुचतात.

प्रथम मुद्द्याचे. तुझा अहवाल सोबत जोडला आहे. मागील तपासणीच्या तुलनेत तुझ्या मेंदूत बदल नाही. हाताला येणाऱ्या मुंग्यांचे कारण अन्यत्र शोधावे, असे त्यात म्हटले आहे. भीतीने बंद ठेवलेले तुझे चष्म्याचे दुकान आता उघड.

विलंब झाला तो असा. तुझ्या नि माझ्या अहवालांची पाकिटे तपासणी केंद्रातून मीच आणली. आडनाव एक, आद्याक्षर एक. पहिले उघडले आणि माझेच समजून तुझ्या वहिनीला वाचून दाखवले की, मेंदूच्या बाह्य थराची जाडी कायम आहे. तिने पदराने डोळे पुसले.

येथवर युक्तिवाद निर्दोष दिसतो. तो खोटा आहे. कागदावर वय होते. चौथ्या ओळीत कवटीवरील जुन्या शस्त्रक्रियेची खूण नोंदलेली होती, आणि माझ्या कवटीला आजवर कोणी हात लावलेला नाही. ती ओळ मी वाचली, आणि वहिनीपुढे वाचताना गाळली.

सात वर्षांपूर्वी आपल्या दोघांचे निदान एकच झाले: मेंदूच्या तळाच्या रक्तवाहिन्या हळूहळू बुजत जाण्याचा आजार. सल्लाही एकच मिळाला, की डोक्याच्या त्वचेखालची रक्तवाहिनी मेंदूवर जोडून घ्यावी. मी त्याविरुद्ध नऊ पानी टिपण लिहिले. तू म्हणालास, “दादा, नळ तुंबला की मी प्लंबर बोलावतो, परिसंवाद नाही भरवत.” आणि शस्त्रक्रिया करून घेतलीस. ज्याच्याकडून भूमितीची प्रमेये मी घोकून घेतली, तो बरोबर निघाला याचा मला राग आहे. त्याचा मेंदू शाबूत राहिला याचा त्याहून अधिक.

माझ्या पाकिटात लिहिले होते की, कपाळामागचा भाग दोन्ही बाजूंनी पातळ झाला आहे. याची प्रचिती मला आधीच आली होती. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. आता दोन विधाने धरून ठेवतो, तोवर तिसरे निसटते. हे पत्र चौथ्यांदा लिहीत आहे.

तू तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा मी अहवाल आला नाही म्हणालो. तुझा आवाज कापत होता, तो मला ऐकू येत होता. एकदा तरी तूही घाबरावेस, असे वाटले. आठ दिवस तुझा मेंदू मी माझा म्हणून मिरवला.

काल कोट झटकताना वहिनीला कागद सापडला. “भाऊजींचा रिपोर्ट तुमच्या खिशात काय करतोय?” मी उत्तराची प्रस्तावना मांडू लागलो. ती म्हणाली, “पडलो तरी नाक वर, हा रोग त्या फोटोत दिसत नाही वाटतं.” तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

बुधवारी अकराला डॉक्टरांनी मला बोलावले आहे. माझ्या शस्त्रक्रियेची वेळ अजून गेलेली नाही ना, एवढाच प्रश्न आहे. तो तू विचार. मी विचारला, तर उत्तर येण्याआधीच खोडून काढीन.

आला नाहीस, तर ते न्याय्यच ठरेल. तरीही ये.

तुझा,
केवळ वयाने मोठा,
दादा