विसरलेलं कडवं

बाबा,

चिठ्ठी गिटारच्या पेटीत ठेवतेय, कारण आई त्या पेटीला हातही लावत नाही. तुझी गोळी बशीत आहे, ती आधी घे.

मी तुझ्या कार्यक्रमाच्या अल्बमची शेवटची फाइल कंपनीत द्यायला चाललेय. तू उठला असतास तर पुन्हा वाद घातला असतास. शेवटच्या कार्यक्रमात तू दुसरं कडवं विसरलास, ते मी कापलेलं नाही. "स्टुडिओत परत गातो, वर चिकटव" म्हणालास, तेही केलेलं नाही. बारा वर्षांनी स्टेजवर चढलास, अडखळलास, आणि अख्ख्या हॉलने ते कडवं तुला गाऊन दाखवलं! माझी तर कॉलर ताठ झाली. मिक्सिंग माझं आहे. रागवायचं तर खुशाल रागव.

फक्त आधी हेडफोन लावून ऐक. तू गप्प होतोस तेव्हा सगळ्यांच्या आधी एकच बाई गायला लागते, जराशी बेसूर, पण शब्द न् शब्द पाठ. प्रेक्षकांकडे लावलेल्या माइकमध्ये सापडली.

"मी बाहेर गाडीतच बसले होते" म्हणणारी आपली आई आहे ती.

तिला काही विचारू नकोस, साफ नाकारेल. आज ओट्यापाशी उभा राहून ते गाणं गुणगुण आणि दुसऱ्या कडव्याला मुद्दाम थांब.