तीन ते तीन वीस

सोमवार, ४ मार्च

शी! आजपासून रोज तीन ते तीन वीस ‘विराम’. साहेबांनी कुठल्याशा शिबिरातून उचलून आणलंय. साहेबांसकट पाचही जणांनी टेबलं सोडायची, खिडकीच्या खोलीत बसायचं, फोन टोपलीत, तोंड बंद. “डोकं रिकामं ठेवलं की कल्पना आपोआप येतात!” हात असे पसरले होते, जणू कबुतरं सोडतायत. आणि उठताना प्रत्येकाने चिठ्ठी भरायची – विरामात काय सुचलं?

म्हणजे मोकळं व्हायचं, आणि लगेच जाब द्यायचा!

सात महिने झाले, औषधाच्या बाटलीचं झाकण जमत नाहीये. लहान पोरांना उघडता येऊ नये, म्हाताऱ्यांना यावं. एवढंच. माझी बावन्न रेखाटनं कचऱ्यात गेली. आणि इलाज काय, तर गप्प बसा.

बुधवार, ६ मार्च

विराम. कुणाचं तरी पोट गुरगुरलं. बाकी काही घडलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

चिठ्ठ्यांचा नुसता तमाशा. हसऱ्या – विक्रीचं बघतो, दात कायम बाहेर – त्याने आज लिहिलं, “झाकण म्हणजे विश्वास.” साहेबांनी मोठ्याने वाचलं. टाळ्या! प्लास्टिकचं बघणारा चष्मेवाला घरूनच कल्पना लिहून आणतो, खिशातला कागद काढून उतरवतो. आणि मी? डोळे मिटून संध्याकाळच्या भाजीचा विचार करते आणि चिठ्ठीवर “निसर्गातले आकार” असलं काहीतरी खरडते. माझी मलाच किळस येते. पण फारशी नाही.

साचेवाल्या बाई तेवढ्या कोरी चिठ्ठी देतात. तीस वर्षं साचे कापतायत, बोटं वाकडी झालीत. भिंतीला डोकं टेकतात आणि खरोखर गप्प बसतात. साहेब म्हणाले, “बाई, काहीतरी लिहा हो, बरं दिसत नाही.”

“सुचलंच नाही काही, तर काय लिहू?”

हसऱ्या खो खो हसला. मीही हसले.

शुक्रवार, १५ मार्च

आज नव्या झाकणाची चाचणी. दहा म्हातारी माणसं बोलावली होती. दोघांना उघडता आलं. एक आजोबा, जन्मभर ट्रक चालवलेले, बोटांचे सांधे सुपारीएवढे. झाकणाशी झटत राहिले, झटत राहिले, आणि नख मुळापासून तुटलं. टेबलावर रक्त. वर तेच ओशाळून म्हणतात, “माझंच चुकलं असेल, पोरी.”

आणि साहेब घड्याळ बघून – “चला, तीन वाजले! विराम!”

त्या माणसाचं रक्त पुसायच्या आत! काय माणसं आहेत ही. आणि मी काय केलं? उठले, खोलीत जाऊन बसले. बाई मागे थांबल्या. कापूस धरून. आजोबांशी काहीतरी बोलत होत्या. विरामाला पंधरा मिनिटं उशिरा आल्या म्हणून साहेबांनी भुवया चढवल्या.

बुधवार, २० मार्च

लिहू की नको?

आज विरामात बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. मांडीवर बाटली. बोटं लावलीच नाहीत. उघडा तळवा झाकणावर ठेवला, अंगाचा भार टाकला आणि तळव्यानेच फिरवलं. पुन्हा. पुन्हा. एकदम लख्ख दिसलं मला – झाकण रुंद करायचं, समोरासमोरच्या दोन्ही कडा एकदम दाबल्या तरच फिरेल असं. मोठ्या माणसाचा तळवा दोन्हीकडे पुरतो. लहान पोराचा पुरणारच नाही!

चिठ्ठीवर चित्र काढलं. खाली माझं नाव लिहिलं.

बाईंची चिठ्ठी कोरी.

गुरुवार, २१ मार्च

साहेबांनी माझी चिठ्ठी फळ्यावर लावली. “बघितलंत? ही विरामाची ताकद!” हसऱ्याने मिठी मारायचं बाकी ठेवलं. विरामाची ताकद म्हणे! पाच जणांत विराम एकट्या बाईंनी घेतला होता. आम्ही चौघे नुसते चिठ्ठीत काय लिहायचं ते जुळवत होतो.

बाई म्हणाल्या, “छान झालं. साचा कधी कापायचा?”

वर बघायची हिंमत झाली नाही. “उद्या सांगते,” म्हटलं.

सोमवार, २५ मार्च

साहेबांकडे गेले होते, सांगून टाकायला. दारातच म्हणाले, “या या, कल्पनेची राणी!” मी रजेचा अर्ज दिला आणि परत आले. थुंकावंसं वाटतंय स्वतःवर.

मंगळवार, ९ एप्रिल

चाचणी. दहापैकी नऊ जणांना उघडता आलं. ट्रकवाल्या आजोबांनी पहिल्या झटक्यात! चार वर्षांच्या पोराने ते झाकण वीस मिनिटं चावलं, आपटलं – ढिम्म. साचा बाईंनी कापलेला, एका कडेलाही कुसळ नाही. सगळे माझं अभिनंदन करत होते.

बुधवार, १७ एप्रिल

बाईंना कमी केलं.

वरून फर्मान होतं म्हणे, टीममधला एक जण काढा. साहेबांनी गठ्ठाच टेबलावर ठेवला. “बाईंच्या दीड महिन्याच्या चिठ्ठ्या बघा. एकही कल्पना नाही! साचे काय, बाहेरून करून घेता येतील.” चष्मेवाला नखं बघत बसला. हसऱ्या पहिल्यांदाच हसला नाही. आणि मी, मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाही माहीत नाही.

बाईंनी आपली कानस फडक्यात गुंडाळली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शुक्रवार, १९ एप्रिल

आज भर विरामात उभी राहिले. म्हटलं, “झाकण बाईंचं आहे. मी चोरलं.” साहेब ओठांवर बोट ठेवून कुजबुजले, “विरामात बोलायचं नसतं!”

बाहेर येऊन बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, “अगं, मला चित्र कुठे काढता येतं? तुला दिसावं म्हणून तर मुद्दाम तुझ्यासमोर बसले होते. वाटलं, दोघी मिळून करू.”