पूर्व पट्ट्यातील चाळीस वाफ्यांचे संपूर्ण श्रेय विभागप्रमुखांनाच मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
मृदा व पीकपोषण संशोधन केंद्र.

विषय : जस्तविषयक संशोधनात अर्जदाराचे नाव समाविष्ट न करणेबाबत.

संदर्भ :
१) पत्र्याची बादली, कडी एका बाजूने निखळलेली.
२) लाकडी हातोडी.
३) "ताई, सोड ना आता."
४) मक्याचा पांढरा पडलेला पोंगा.
५) वह्या दहा. अकरावी कोरी.
६) आपले मागच्या सोमवारचे पत्र, सोबत संमतिपत्र.

महोदय,

आपल्या कार्यालयाकडे अर्जदाराचा हा पाचवा अर्ज. पहिले चार नाव घालावे म्हणून होते. उत्तर आले नाही. हा नाव घालू नये म्हणून आहे, तेव्हा यावर तरी तातडीने कार्यवाही होईल अशी खात्री वाटते.

१. अर्जदार या केंद्रात कनिष्ठ मृदाशास्त्रज्ञ आहे. पूर्व पट्ट्यातील चाळीस वाफ्यांची माती तिने सलग दहा वर्षे तपासली. वीतभर खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून प्लास्टिकच्या बादलीत घ्यायची, सावलीत वाळवायची, लाकडी हातोडीने फोडून चाळायची. पत्रा मातीला लागू द्यायचा नाही, कारण पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि मोजायचे असते तेही जस्तच. या कामापायी केंद्रात तिला चाळणीबाई म्हणतात. त्याबद्दल तक्रार नाही. दहा वह्यांचा निष्कर्ष एका ओळीचा आहे : जस्त दरवर्षी घटते आहे, ते दिल्याशिवाय मका तग धरणार नाही.

२. अकराव्या वर्षी विभागप्रमुखांनी वह्या स्वतःच्या खोलीत नेल्या आणि प्रकल्पाच्या पहिल्या पानावरून अर्जदाराचे नाव काढले. ती विचारायला गेली तेव्हा दोन लिपिकांसमोर, खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बाई, माती चाळणं तुमचं काम. डोकं चालवायला आम्ही बसलोय ना!" लिपिक हसले. एक जण ठसका लागेपर्यंत हसला.

३. काम आपल्याच हातचे दिसावे म्हणून त्यांनी नवे नमुने स्वतः घेतले. चाळीस वाफे, एक सकाळ, संदर्भ क्र. १ ची बादली. प्रत्येक वाफ्याची ओली माती तिच्या तळाशी घोळली. जस्ताचा आकडा तिपटीने वाढून आला. दहा वर्षांची घट एका सकाळीत कशी भरून निघाली, हे त्यांनी कोणाला विचारले नाही. निबंध छापून आला : जमिनीत जस्त मुबलक, वरून देणे व्यर्थ. लेखक एकच. सत्कार झाला. अर्जदाराने उभे राहून टाळ्या वाजवल्या.

४. त्यानुसार यंदा चाळीसही वाफ्यांना जस्त दिले नाही. मका गुडघ्याएवढा होऊन थांबला, शेंड्याच्या कोवळ्या पानांचे पोंगे पांढरे पडले. वाफ्यांवरचे मजूर त्यांना पाठीमागे 'जस्तसाहेब' म्हणू लागले. चौकशी लागताच त्यांना आठवले की संशोधन संयुक्त होते आणि अर्जदाराचे नाव नजरचुकीने राहिले. प्रयोगशाळेत येऊन स्टुलावर बसले. म्हणाले, "ताई, तुमच्याशिवाय हे झालंच नसतं." हे विधान तंतोतंत खरे आहे, एवढेच येथे नमूद करणे योग्य.

५. सहलेखक होण्याच्या संमतिपत्रावर सही केल्यास दोष निम्मा वाटला जातो. अर्जदार एवढी अप्पलपोटी नाही. तिला त्यांच्या वाट्यातला कणही नको. धाकटी बहीण रोज फोनवर सांगते, "ताई, सोड ना आता. माफ करून टाक त्या माणसाला, तुलाच बरं वाटेल." माफी मोजण्याची पद्धत या प्रयोगशाळेत उपलब्ध नाही. आणि बरे तर आत्ताच वाटते आहे.

सबब विनंती की,

अ) सदर संशोधनात अर्जदाराचे नाव कोठेही, तळटीपेतसुद्धा, येऊ नये.

आ) चाळीसही वाफ्यांवर विभागप्रमुखांच्या नावाची पाटी लावावी. अक्षरे रस्त्यावरून वाचता यावीत.

इ) त्यांची खुर्ची त्या वाफ्यांकडच्या खिडकीपाशी हलवावी. पडदा काढावा.

ई) निरोपसमारंभात त्यांना फुलांऐवजी वाफा क्र. सातमधील मक्याची जुडी द्यावी. जुडी अर्जदार स्वतः बांधेल, विनातक्रार, कार्यालयीन वेळेनंतर.

उ) ज्या लिपिकाला ठसका लागला होता, त्यानेच ती त्यांच्या हाती द्यावी.

आपली, आजवर नम्र असलेली,

(सही)
कनिष्ठ मृदाशास्त्रज्ञ

दिनांक : विभागप्रमुखांच्या निवृत्तीस एकोणीस दिवस बाकी.

सोबत :
१) संमतिपत्र, सहीविना.
२) पोंगा, एक.
३) प्रयोगशाळेतील कपाटाची किल्ली.

नमुने घेण्याच्या त्या सकाळी शिपाई बादली मागायला आला, तेव्हा प्लास्टिकच्या तिन्ही बादल्या या कपाटात होत्या, आणि व्हरांड्यातल्या पत्र्याच्या बादलीकडे अर्जदारानेच बोट दाखवले.