डिस्चार्ज बुकातला शेरा

९ जानेवारी २०००, अवसरी बुद्रुक

बाबांनी आज परत माझं फौजेचं डिस्चार्ज बुक काढलं. चष्मा लावून तोच शेरा वाचला — ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’. मग माझ्यावर घसरले. "नको झाला म्हंजे काय? बैल हाय का तू, बाजारात सोडून द्यायला? कारण कुठं लिव्हलंय?"

म्हटलं, सुभेदाराशी वाजलं माझं. महिनाभर हेच सांगतोय. कशावरून वाजलं ते मात्र दर वेळी वेगळं सांगतो. एक दिवस पकडला जाणार!

आई मधे पडली. "जाऊ द्या की वो. कारगिलातनं पोरगं जित्तं आलं, ते बघा." बाबा म्हणाले, "जित्तं आलं, पर नाक कापून आलं." आणि उठून गेले.

११ जानेवारी

कांद्याला पाणी दिलं. दिवसभर कुणाशी बोललो नाही. बरं वाटलं.

१४ जानेवारी

मंचरला कटिंगला गेलो, बाबाही बरोबर. दुकानात एकजण पेपर मोठ्याने वाचत होता. विलायतेत म्हणे आता पुरुषाला पुरुष आवडणारे फौजेत उघड राहू शकणार, सरकारनेच बंदी उठवली! दुकान नुसतं उसळलं. "मंग लढाई करायची का लगीन लावायचं?" "राव, रात्री पहाऱ्यावरचा संत्री कुणावर नजर ठेवणार?" न्हाव्याला हसू आवरेना, वस्तरा बाजूला ठेवला त्याने.

मीही हसलो. सगळ्यांच्या वर आवाज काढून हसलो. लाज वाटते लिहिताना.

मग न्हाव्याने बाबांना विचारलं, "हवालदार, तुमच्या वक्ताला व्हते का असले?" बाबांच्या गालाला साबण. म्हणाले, "आमच्या कंपनीत एकबी नव्हता. असता तर आमीच हाकलला असता." दुकानाला पटलं. गावात फौजेतल्या जुन्या हवालदार सावळेरामचा शब्द म्हणजे शिक्का.

१५ जानेवारी — संक्रांत

तिळगूळ वाटून झाले. गोड बोलून बोलून तोंड दुखलं.

कालचं डोक्यातून जात नाही. ही वही कुणी वाचत नाही, तर इथे तरी खरं लिहितो. मी टेलिफोनच्या तारा ओढणारा लाइनमन. जूनमध्ये वरच्या चौकीची तार तोफगोळ्यांनी पाच वेळा तुटली, पाचही वेळा मी जोडली. दोनदा सर्जेराव बरोबर होता. सर्जेराव कागलचा. त्याच्या हातात बॅटरी, माझ्या तोंडात पक्कड. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. नोव्हेंबरमध्ये आमच्या तुकडीतल्या एका नायकाने आम्हा दोघांना एका पांघरुणात बघितलं. बास.

म्हणजे जूनमध्ये चाललो, नोव्हेंबरमध्ये नको झालो. मधे माझ्यात काय बदललं? काही नाही! तार तीच, हात तेच. फक्त एकाने बघितलं. पेपरातल्या त्या विलायतवाल्यांचा मला हेवा वाटला. चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो नाही. सर्जेरावला आत वेगळं बोलावलं होतं. तो काय बोलला मला माहीत नाही. तो अजून नोकरीत आहे, एवढं माहीत आहे.

बाबांपुढे मात्र जीभ टाळ्याला चिकटते.

२६ जानेवारी

नको ते झालं.

शाळेत झेंडा झाला. बाबा छातीवर मेडल लावून, कडक इस्त्रीत. नंतर ग्रामसभा. पाण्याच्या टाकीचा विषय संपला आणि बाबा उभे राहिले. मला वाटलं रस्त्याबद्दल बोलतील. म्हणाले, "माज्या गेणूवर अन्याव झालाय. कारगिलात लढलेलं पोर, अन् कारण न देता घरी धाडलं. गावानं ठराव करावा." सरपंच भागूशेठ लगेच, "गावाच्या इज्जतीचा सवाल हाय, हवालदार!" सगळ्यांनी हात वर केले. एकजण भारतमाता की जय ओरडला.

मी सतरंजीवर खाली मान घालून बसलो होतो. लोकांना वाटलं गहिवरलो. धोंडाबाई आजी येऊन डोक्यावरून हात फिरवून गेली. त्या क्षणी उभा राहून सांगावं असं आलं होतं मनात. पाय उचलले नाहीत. तोफगोळ्यात उचलले होते, इथे नाही.

२७ जानेवारी

बाबांनी मंचरला अर्ज टाईप करून आणला. फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला. चौकशीच्या सगळ्या कागदांची नक्कल मिळावी म्हणून. त्यांच्या अर्जावर देत नाहीत, माझीच सही लागते. पेन पुढे केलं. "कर सई. तुजं काय चुकलं न्हाई ना? मंग भ्यायचं कशाला?"

केली! स्वतःच्या हाताने केली. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. रजिस्टर पोस्टाने गेला.

८ फेब्रुवारी

पेठहून स्थळ आलंय. आई खूश. बाबा म्हणाले, आधी कागद येऊ दे, नाव साफ होऊ दे, मग बघू. बाबांनीच वाचवलं म्हणायचं. किती दिवस?

२३ फेब्रुवारी

पोस्टमन रोज अकराला येतो. मी साडेदहापासून वेशीत. आधी माझ्या हातात पडलं तर चुलीत घालीन.

११ मार्च

कांदा काढणीला मजूर आले म्हणून शेतात जावं लागलं. एकच दिवस वेशीत नव्हतो. एकच!

जेवायला घरी आलो तर बाबा ओट्यावर, मांडीवर जाड पाकीट फोडलेलं. माझ्याकडे बघितलं नाही. कागद पुढे सरकवले. आई आत भाकरी थापत होती.

वर माझा जबाब. ‘होय, बघितलं ते खरं आहे. मी असाच आहे. कामात माझी चूक असेल तर दाखवा.’ खाली माझी सही. वाचताना वाटलं, हा माणूस बरा होता की! कुठे गेला?

त्याखाली सर्जेरावचा जबाब, त्याच्याच अक्षरात. ‘मी झोपेत होतो. जाग आली तेव्हा शिपाई गेणू माझ्या पांघरुणात होता. माझी काही संमती नव्हती.’

खोटं! साफ खोटं! तोच यायचा, थंडी वाजते म्हणून. सगळा दोष माझ्या गळ्यात घातला आणि वर्दी वाचवली. बाबा उठले, चप्पल घातली, न जेवता निघून गेले. आईने विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही.

१२ मार्च

बाबा बोलत नाहीत. पाणी मागायचं तरी आईकडून. मी बॅग भरली आहे. पुण्याला जाईन, कुठेही जाईन.

संध्याकाळी भागूशेठ रस्त्यातून ओरडला, "हवालदार, आलं का उत्तर?" मी दाराआड.

"आलं," बाबा म्हणाले. "पोरानं सुबेदारावर हात टाकला व्हता. चूक आपलीच. ठराव फाडून टाका."

आत आले. माझ्या बॅगेकडे बघितलं.

१३ मार्च

पहाटे निघणार होतो. बाबा उंबऱ्यात बसलेले. दाढी केलेली नव्हती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं तसं. वाट सोडेनात.

मग म्हणाले, "त्या कागलच्या पोराचा राग धरू नगंस. बहात्तर साली मीबी असाच जबाब लिवून दिला व्हता. झोपेत व्हतो म्हणून. माज्या जोडीदाराला घरी धाडला. मला हवालदार केला."

मी बॅग खाली ठेवली.

"झोपेत नव्हतो मी," म्हणाले.