समुद्राला आमी तिघीच येनार

मु. केडगाव, संक्रांतीची कर, सन १९७४

चि. गहिनीनाथ यास आक्काचा आशीर्वाद, पन निम्माच. ऱ्हायलेला निम्मा तुझं उत्तर बघून देईन. अरे, मी पत्रात काय लिहिलं हुतं? दोन रातींसाठी आमी तिघी बायका समुद्र बघायला येतो, तुझ्या शाळेच्या व्हरांड्यात पडू, भाकरी-ठेचा आमचा आमी आनू, तुला एका चहाच्या वर खर्च न्हाई. तिघी म्हंजे मी, माझी थोरली जाऊ चांगुणा, आनि शेजारची मालनबाई. आनि काल ऐन संक्रांतीला तुझं कार्ड आलं, “चौघींची सोय होणे कठीण, फार तर तिघी या.” चौघी कुठनं काढल्यास? मास्तर झालास, दुसऱ्यांच्या पोरांना पाढे शिकवतोस, नि बहिनीच्या पत्रातल्या बायका मोजता येईनात? मी चौथी यत्ता पुरी केली न्हाई, पन तीन म्हंजे तीन एवढं मला कळतं. विजयमालेच्या कंबरेला उतार हाय का? तिला ओव्याच्या पुरचुंडीनं शेक म्हनाव. (राग आला तर येऊ दे. ननंद येनार म्हनल्यावर भावजयीची कंबर दुखतीच.)

आता तू म्हनशील, आक्काला या वयात समुद्र कशाला? तर ऐक. दुष्काळात आमी चौघी इथनं नगरच्या रस्त्याला खडी फोडायला बसायचो. चौथी आमच्या समोरची रतनबाई. तू बघितलंयस तिला, भर ज्वानीत कपाळ पांढरं झालेली, तरी हसायला लागली की मुकादमालाबी हसू आवरायचं न्हाई. ते ऊन, तो धुरळा, टँकर आला तर दुपार टळल्यावर. तिथं मी एकदा तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. तू लिहिलं हुतंस की इथं पानी पार आभाळाला जाऊन टेकलंय. झालं, तिनं ध्यास घेतला. हातोडी मारता मारता म्हनायची, “आक्के, एकदा पाऊस पडू दे. मग आपन चौघी जाऊन पोटभर पानी बघू.” आमी तिघींनी खडीवर हात ठिवून व्हय म्हनलं. वैशाखात ती तिच्या खडीच्या ढिगापाशी कलंडली ती उठलीच न्हाई. सरकारनं खायला दिलेल्या सुकडीची वाटी तशीच भरलेली. आता पाऊस झाला, बाजरी घरात आली, आनि शब्द दिलेला हाय. न्हाई गेलो तर वरती गेल्यावर तिला काय तोंड दाखवू?

जायचं ठरलं तवा चांगुणा अडून बसली. तिघींनी मिळून निघू न्हाई, काम बिघडतं, संगतीला चौथा म्हनून खडा घ्यावा लागतो. (काका लोक तिघं सोयरिकीला निघाले की आई त्यांच्या खिशात सुपारी घालायची, तसलंच.) म्हनलं घ्या. मागल्या गुरवारी आमी तिघी यष्टीच्या जागा धरून ठिवायला नगरच्या स्टँडवर पायी निघालो. वाटंत चांगुणा खडा शोधायला लागली. हा नको, टोकदार हाय. तो नको, त्याच्यावर कुत्रं बसलं असंल. मला कुठला दम निघतोय? रस्त्याकडंच्या ढिगातला एक उचलला नि रीतीपरमानं म्हनलं, “चल बाई, तू चौथी.” तेवढ्यात मालनबाईनं माझा दंड धरला. बघते तर आमच्या चार ढिगांतला शेवटचा ढीग. आमचे तीन कवाच रस्त्यात गेले. रतनचं मोजमाप व्हायच्या आदीच ती गेली, म्हनून तिचा ढीग कुनी हलवलाच न्हाई.

मालनबाई म्हनाली, ठिवून दे. चांगुणा म्हनाली, एकदा चल म्हनलं की मदीच ठिवता येत न्हाई, परत आल्यावरच जागेवर ठिवायचा. मी म्हनलं, तोंडं मिटा, खडा हाय. आनि पिशवीत टाकला.

स्टँडवर खिडकीतला बाबू न बघताच म्हनला, “चार ना?”

“तीन,” म्हनलं.

“मग बाकड्यावर बसल्यात त्या तुमच्यातल्या न्हाईत व्हय?”

“ती पिशवी हाय आमची.”

“पिशवीच्या शेजारी म्हनतोय मी, बाई. त्यांना पानी द्या आदी. मघाधरनं नळाकडं बघत बसल्यात.”

मागं वळून बघितलं तर बाकडं मोकळं. पिशवी तेवढी. मी त्याला म्हनलं, डोळं तपासून घे, सरकारी नोकरी हाय, फुकट तपासत्याल. आनि चांगुणा, तिला काय म्हनावं, ती खिडकीत डोकं घालून इचारती, “न दिसनाऱ्या बाईला अर्धं तिकीट पडतं का वो?” मी तिला वढून भाईर काढली. पुन्याच्या गाडीच्या तीन जागा मिळाल्या, अकरा, बारा आनि चौदा. तेरा कुठं गेली म्हनलं, तर बाबू वही मिटून म्हनला, ती भरली.

घरी आल्यावर खडा धुवावा म्हनून परातीत ठिवला नि वरनं तांब्याभर पानी ओतलं. परात कोरडी. आनिक एक तांब्या ओतला. कोरडी. आमचं मालक म्हनाले, परात गळकी असंल. उचलून बघितली, खाली जमीन वाळलेली. चांगुणानं घागर आनली, तीबी गेली. मालनबाई कोपऱ्यात रामराम करायला लागली. खडा तसाच पांढराफट, वर धुरळा. पौषाची थंडी, अंगावर घोंगडी हाय माझ्या, नि त्या खड्याचा हाताला चटका बसला, वैशाखातल्यावानी. (मालक म्हनाले, ही असंच पीत बसली तर माझ्या वांग्यांना काय घालू? गडी मानूस, त्याला वांगीच दिसनार.)

आनि त्यावर काल तुझं हे कार्ड. चिडून मी त्याच्यावरचा शिक्का बघितला. मंगळवारचा. आमी खडा उचलला गुरवारी. म्हंजे खडा उचलायच्या दोन दिस आदीच तू चौघी लिहून मोकळा झालास. मग तुला कुनी सांगितलं? का मीच लिहिलं हुतं? माझं ते पत्र असंल तर मला परत धाड, मला माझं अक्षर बघायचं हाय.

बाकी इकडं सगळं बरं हाय. आमी तिघीच येनार, खडा काय मानूस न्हाई, अंथरुनं तीनच घाल.

तुझी आक्का,
बनुबाई

ता.क. अंथरुनं चार घाल. विजयमालेला काय सांगायचं ते तुझं तू बघ.

ता.क. दुसरा. हे तू एकट्यानंच वाच. वैशाखात त्या दुपारी माझ्या मडक्याच्या तळाला तांब्याभर पानी हुतं. रतननं मागितलं. मी म्हनलं, तुलाच एकटीला तहान लागलीय व्हय? टँकर येऊ दे. टँकर आला, तवर ती कलंडली हुती. हे चांगुणाला म्हाईत न्हाई, मालनबाईला न्हाई, मालकांनाबी न्हाई.

आता काल मालक जेवताना सहज म्हनाले, समुद्राचं पानी तोंडात धरवत न्हाई इतकं खारट असतं. मीठ समुद्रातनं येतं हे मला ठावं हुतं, पन आख्खा समुद्रच तसला असंल हे कधी ध्यानातच आलं न्हाई. तूबी कधी लिहिलं न्हाईस. आभाळाला टेकलंय म्हने! तर तुझ्या गावात, वाळूपासनं चालत जाता येईल अशी गोड्या पान्याची हीर हाय का, ते कळव. नुसतं हाय म्हनू नको, सोता जाऊन वंजळभर पिऊन बघ नि मग लिही. असंल तर आमी येतो. नसंल तर जागा बुडाल्या तरी बुडू दे, एवढं पानी समोर ठिवून तिला दुसऱ्यांदा तहानलेली बसवायचं माझ्यानं हुनार न्हाई. गाडी रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी हाय. सप्तमीच्या आत तुझं उत्तर माझ्या हातात पायजे.